चीनचं झाड, नंदुरबारचा रसायनशास्त्रज्ञ

चिनी जडीबुटीतून औषध शोधणाऱ्यांत पहिलं नाव निघतं ते तू यूयू यांचं. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात तापावर उपाय दिला होता: मूठभर वनस्पती पाण्यात भिजवायची, पिळायची, रस प्यायचा. उकळण्याचा उल्लेख नाही. तू यूयू यांनी त्यावरून उष्णता टाळली, इथरमध्ये अर्क काढला, आणि १९७१ मध्ये मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती येण्याची वाट मोकळी झाली. २०१५ मध्ये नोबेल मिळालं. गोष्ट सांगायला सोपी, म्हणून सर्वांना ठाऊक.

दुसऱ्या एका चिनी झाडाची गोष्ट इतकी सरळ नाही. पण ती नंदुरबारवरून जाते आणि आपल्या कोल्हापूरच्या डोंगरात येते.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर कामाला लागले. वॉल पूर्वी अमेरिकी शेती खात्यात होते. तिथे स्टेरॉइडच्या शोधात वनस्पतींचे अर्क काढून ठेवलेले. त्यातले हजारभर कर्करोगासाठी तपासले गेले, तेव्हा कॅम्प्टोथेका या चिनी झाडाचा अर्क उंदरांच्या कर्करोगावर विलक्षण चालला. चीनच्या लोकवैद्यकात हे झाड वापरात होतं खरं, पण वॉल यांनी त्यासाठी कुठली पोथी उघडली नव्हती. सगळं आधीच लिहून ठेवलंय म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

लाकूड आणि सालीतून दोघांनी रेणू वेगळा केला. १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली: कॅम्प्टोथेसिन. (याच जोडीने १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचनाही मांडली. एका माणसाच्या नावावर असे दोन रेणू म्हणजे फारच झालं!)

पुढे मात्र घोडं अडलं. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना टोचला. तो विरघळला, पण त्यात रेणूतलं एक कडं उघडलेलं होतं, आणि कडं उघडलं की औषध बोथट. लघवी आम्लधर्मी, मूत्राशयात पोचल्यावर कडं पुन्हा मिटायचं आणि औषध नको तिथे जागं व्हायचं. रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. १९७०च्या दशकात या चाचण्या थांबल्या. हाच रेणू आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असतो; कॅन्सरवर नरक्याच्या सालीचा काढा घ्या म्हणून कोणी सांगत असेल, तर त्याला ही हकिकत जरूर ऐकवावी.

१९८५ मध्ये हा रेणू नेमकं काय करतो ते कळलं. इचलकरंजीत ते समजवायला सुताचा पीळ पुरतो. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल व्हावी लागते, आणि त्यासाठी दोन धागे उलगडावे लागतात. इकडे उलगडत गेलं की पुढे पीळ आवळत जातो. तिथे टोपोआयसोमरेज-१ नावाचं एन्झाइम एक धागा तोडतं, पीळ सैल करतं आणि टोकं पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन ऐन सांधायच्या वेळी तिथे अडकून बसतं. मागून नक्कल करणारी यंत्रणा येऊन तुटक्या जागेवर आदळते आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या पेशींना हा तडाखा जास्त. म्हणून कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जा आणि आतड्याचं अस्तरही भरडलं जातं.

मग रेणूला शेपट्या जोडून पाण्यात विरघळणारी रूपं तयार झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं इरिनोटेकॅन आणि अंडाशयाच्या कर्करोगावरचं टोपोटेकॅन यांना अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. रचना कळल्यापासून तीस वर्षांनी.

आता नरक्याकडे येऊ. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना तोच रेणू या उग्र वासाच्या फुलांच्या झाडात सापडला. चिनी झाडाशी त्याचं कुळाचंही नातं नाही. सह्याद्रीतलं हे लहानखुरं झाड तेव्हापासून मोलाचं झालं आणि तिथेच त्याचे दिवस फिरले. रेणू किलोमागे जेमतेम काही ग्रॅम, तोही साल, खोड नि मुळांत. म्हणजे झाड आडवं केल्याशिवाय भागत नाही. नरक्याची ढलपी भरलेली पोती वनखात्याने पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गात नव्या नाहीत. पकडले जातात ते तोडणारे आणि गाडीवाले. माल विकत घेणारा क्वचितच.

पर्याय शोधणं चालू आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यातून रेणू मिळवण्याचे प्रयोग झाले. २००५ मध्ये नरक्याच्या सालीत राहणारी एक बुरशीच कॅम्प्टोथेसिन बनवते असं दिसलं, तेव्हा आता झाड वाचलं असं वाटलं होतं. पण चिनी झाडातल्या अशाच बुरशीचा माग काढल्यावर कळलं की प्रयोगशाळेत पिढ्यांमागून पिढ्या वाढवताना तिचं उत्पादन घसरत जातं. सुरुवातीचे टप्पे ती स्वतः पार पाडते. मधल्या एका टप्प्याला लागणारं एन्झाइम तिच्याकडे नाही, ते तिला झाडाकडूनच घ्यावं लागतं.