मित्राच्या फोनवर चालणारं अ‍ॅप तुमच्या फोनवर का बंद पडतं?

मित्राच्या नव्या फोनवर मस्त चालणारं अ‍ॅप तुमच्या फोनवर एक बटण दाबलं की बंद पडतं. आपण लगेच रॅमला दोष देतो. पण बऱ्याचदा अ‍ॅपनं अशी गोष्ट मागितलेली असते, जी तुमच्या फोनमधल्या अँड्रॉइडला माहीतच नसते.

अँड्रॉइडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला एक एपीआय लेव्हल असते. अँड्रॉइड १० ची २९, १३ ची ३३, १४ ची ३४. एपीआय म्हणजे अ‍ॅपनं सिस्टिमकडून कोणती कामं कशी करून घ्यायची, याची ठरलेली यादी. दर लेव्हलला तिच्यात भर पडते.

आता तुम्ही म्हणाल, कोटलिनसारखी भाषा तर एकदम कडक. आकड्याच्या जागी मजकूर दिला तर अ‍ॅप तयारच होऊ देत नाही. मग ही चूक सुटते कशी? कारण कंपायलर डेव्हलपरच्या कॉम्प्युटरवरची यादी बघतो, तुमचा फोन नाही. ३३ मध्ये आलेली पद्धत २९ च्या फोनवर वापरली गेली की 'नो सच मेथड एरर' येतो आणि अ‍ॅप बंद! म्हणून कोडमध्ये आधी फोनची लेव्हल विचारायची, मग नवी की जुनी पद्धत ते ठरवायचं. हे विसरलं तर अँड्रॉइड स्टुडिओ इशारा देतं. तो गप्प करून पुढे जाणारे महाभागही असतात.

दुसरा घोळ कास्टिंगचा. अ‍ॅपमध्ये एका स्क्रीनकडून दुसरीकडे माहिती 'इंटेंट' नावाच्या पाकिटातून जाते. ती बाहेर काढणारी जुनी पद्धत, 'गेट पार्सलेबल एक्स्ट्रा', फक्त नाव विचारायची. आतली वस्तू कुठल्या प्रकारची, हे डेव्हलपर सांगेल ते खरं. हेच कास्टिंग. पण डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. वस्तू वेगळी निघाली की 'क्लास कास्ट एक्सेप्शन'. कोटलिनमध्ये 'अ‍ॅज' लिहिलं तर असंच होतं. त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं तर अ‍ॅप न पडता 'नल', म्हणजे 'काही मिळालं नाही' असं उत्तर येतं. पाकीट बाहेरून आलेलं असेल तर माझं मत प्रश्नचिन्हालाच.

३३ मध्ये याच पद्धतीची नवी आवृत्ती आली. नावासोबत प्रकारही द्यायचा, तो जुळला नाही तर नल. गंमत म्हणजे अँड्रॉइड १३ मध्ये तिच्यातच दोष निघाला. '३३ किंवा वर असेल तर नवी पद्धत' असं अगदी नियमानं लिहिलेलं कोडही त्यामुळे काही वेळा पडायचं. दुरुस्ती ३४ मध्ये झाली. गूगलच्या जेटपॅकमधलं 'इंटेंट कॉम्पॅट' म्हणूनच नवी पद्धत ३४ पासून वापरतं. त्याखाली ते जुन्या पद्धतीनं वस्तू काढून प्रकार स्वतः तपासतं. अ‍ॅप बनवायला शिकत असाल तर स्वतः अटी लिहीत बसण्यापेक्षा तेच वापरा.

आणि अ‍ॅप पडल्याची तक्रार करताना नुसतं 'चालत नाही' लिहू नका. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये अँड्रॉइडची आवृत्ती दिसते, ती आणि अ‍ॅपची आवृत्ती दोन्ही कळवा.