पहिली चावी शाळेच्या आवारात

आभासी जगावरच्या कादंबऱ्यांची ओळख करून घेताना गेल्या आठवड्यात आपण विल्यम गिब्सनच्या १९८४ सालच्या ‘न्यूरोमॅन्सर’पाशी थांबलो होतो. आज अर्नेस्ट क्लाइनची ‘रेडी प्लेअर वन’. ही कादंबरी २०११ मध्ये आली. २०१८ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गने तिच्यावर चित्रपट काढला आणि आपल्याकडे बहुतेकांना ती चित्रपटामुळेच माहीत झाली. पण कादंबरीतली एक गोष्ट चित्रपटात आलीच नाही. मला तीच सर्वांत मोलाची वाटते. चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावी बसून वाचताना तर ती फारच जवळची वाटते.

काळ आणखी काही दशकांनंतरचा. इंधन संपत आलंय, कामधंदा नाही. वेड वॉट्स हा पोरका मुलगा ओक्लाहोमा सिटीच्या कडेला, लोखंडी सांगाड्यांत एकावर एक रचलेल्या फिरत्या घरांच्या वस्तीत मावशीकडे राहतो. भंगारात गाडली गेलेली एक जुनी व्हॅन ही त्याची अभ्यासाची जागा. बॅटरी उतरली की तो व्यायामाची सायकल मारून ती चार्ज करतो. भारनियमनात परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना हे प्रसंग समजावून सांगावे लागणार नाहीत. डोळ्यांवर व्हायझर, हातात मोजे चढवले की तो ‘ओएसिस’ नावाच्या विराट आभासी विश्वात पोहोचतो. हे विश्व घडवणारा जेम्स हॅलिडे मरताना जाहीर करून गेलाय, की मी तीन चाव्या लपवल्या आहेत. त्या शोधून तीन दारं पार करील त्याला माझी सगळी संपत्ती आणि ओएसिसचा ताबा मिळेल.

व्हायझरमध्ये नेमकं काय घडतं? दोन डोळ्यांना एकाच दृश्याची किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली तयार करतो. हे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच मांडलं होतं. पुढची अडचण डोकं हलवण्याची. मान वळली की दृश्यही तेवढंच वळायला हवं, म्हणून आजच्या उपकरणांत हालचाल टिपणारे संवेदक असतात आणि चित्र सेकंदाला साधारण ९० वेळा नव्याने काढलं जातं. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून वाढला, तर खरेपणा ढासळू लागतो. डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांचा मेळ बिघडला की पोटात ढवळतं. राजूर घाटात एसटीत पुस्तक उघडलं की होतं ना, अगदी तसंच. फरक इतकाच, की घाटात शरीर हलतं आणि नजर स्थिर असते, इथे नजर फिरते आणि शरीर जागच्या जागी बसलेलं असतं.

वेडची शाळा ओएसिसमधल्या ‘लुडस’ नावाच्या ग्रहावर आहे. व्हायझर आणि मोजे शाळेनेच दिलेले, फुकट. तिथे इतिहासाच्या तासाला मुलं तुतनखामेनच्या थडग्याचा १९२२ मधला शोध समोर घडताना पाहतात, जीवशास्त्राला माणसाच्या हृदयातून फिरून येतात, खगोलशास्त्राला गुरूच्या आयो या चंद्रावर उभी राहतात. शाळेविषयी इतक्या प्रेमाने लिहिलेली पानं साहसकथांत क्वचितच सापडतात.

पण ओएसिसमध्ये प्रवेश जवळपास फुकट असला तरी एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जायला पैसे पडतात. वेडकडे ते नाहीत. अमर्याद विश्वात शिरूनही हा मुलगा शाळेच्या ग्रहावर अडकून पडलाय. दुसरीकडे, ओएसिस ताब्यात घेऊन त्यावर महिन्याची फी बसवायला टपलेली आयओआय ही कंपनी पगारी माणसांची फौज घेऊन चाव्या शोधतेय. वर्षं लोटतात, कुणालाच काही सापडत नाही. शेवटी वेडला उमगतं, की पहिली चावी लुडसवरच आहे. जिथे खिशात दमडी नसलेला विद्यार्थीही पायी पोहोचू शकेल, अशा जागी हॅलिडेने ती मुद्दाम ठेवली आहे. चित्रपटात या जागी मोटारींची शर्यत आहे. ती पाहायला थरारक आहे, पण कादंबरीतला न्याय तिच्यात उरत नाही.

दार उघडं, पण आत जायला साधन नाही, हा प्रश्न महाराष्ट्राने २०२० मध्ये अनुभवला. मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर गेला. ज्या घरात एकच स्मार्टफोन आणि तोही बापासोबत वावरात, त्या घरातली मुलगी वर्गाबाहेर राहिली. त्या जुलैत एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी असलेली ही मालिका घरात, अंगणात, परिसरात करता येतील अशा कृतींवर बेतलेली होती. इंटरनेटऐवजी टीव्ही निवडणं हा मला हॅलिडेच्याच जातीचा निर्णय वाटतो. त्याच जातीचं आणखी एक उदाहरण म्हणजे २०१४ मधलं गूगलचं कार्डबोर्ड: पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगं आणि आत सरकवलेला फोन. २०२१ मध्ये गूगलने त्याची विक्री थांबवली, याचं मला आजही वाईट वाटतं. गावच्या शाळेला परवडेल असं दुसरं काय होतं?

या कादंबरीवर माझा मोठा आक्षेप आहे, तो कोड्यांवर. १९८०च्या दशकातले अमेरिकी व्हिडिओ गेम, चित्रपट आणि गाणी ज्याला तोंडपाठ, तोच इथे शहाणा. उंद्रीतली हुशार मुलगी पहिल्याच दाराशी अडेल, कारण तिला जे येतं ते कुणी विचारतच नाही. कोडं बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं असतं तर? जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी अचानक गुलाबी का झालं? बेसाल्टच्या खडकात आघाताने पडलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते फक्त वाफेने कमी होतं आणि क्षार मागे उरतात. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने गुलाबी रंगाचं मूळ या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांत शोधलं. बुलढाण्याच्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, त्याची चर्चा घरात ऐकलीय. अशा ज्ञानावर दार उघडणारं आभासी विश्व मराठीत रचता येईल आणि ते रचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

व्हायझरबद्दल आज बोललो. वेडच्या हातातले मोजे नसलेली वस्तू हाताला कशी जाणवून देतात, ते पुढच्या आठवड्यात पाहू.