शब्दांची सोयरीक

हिंदीत पाऊस ‘होतो’, मराठीत तो ‘पडतो’. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरात एखादे मूल ‘पाऊस होतो आहे’ म्हणाले, की आजी लगेच टोकते. व्याकरणदृष्ट्या त्या वाक्यात दोष काढता येत नाही, तरी कानाला ते खटकते. कोणत्या नामाची सोयरीक कोणत्या क्रियापदाशी जुळावी, हे प्रत्येक भाषेने आपापल्या परीने ठरविलेले असते. दोन-दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगावयास नको. नवल एवढेच, की व्यापार-कचेरीतील इंग्रजी शिकताना ही जाण आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि सुटे शब्द पाठ करीत बसतो.

मराठीत कर्ज आपण ‘काढतो’ व ‘फेडतो’. सौदा ‘पटतो’, हुंडी ‘वटते’. इंग्रजीत कर्ज ‘रेझ’ करतात, म्हणजे जणू उभे करतात; सौदा ‘स्ट्राइक’ करतात आणि नफा ‘मेक’ करतात. तोट्याला मात्र ‘इन्कर’ हे क्रियापद लागते. त्याचा संसार बहुधा खर्च, दंड, देणे अशा नकोशा नामांशीच चालतो. ‘इन्कर अ प्रॉफिट’ असे लिहिले तर अर्थ कळतो खरा. पण वाचणारा त्या पत्राकडे किंचित संशयाने पाहू लागतो. नोकरीच्या अर्जात अथवा परक्या व्यापाऱ्यास धाडलेल्या पहिल्याच पत्रात हे परवडत नाही.

या शब्दसंगतीकडे प्रथम बारकाईने लक्ष वेधणाऱ्यांत परदेशी इंग्रजी शिकविणारे अध्यापक होते. हॅरॉल्ड पामर यांचा यावरील अहवाल १९३३ मध्ये टोकियोत निघाला. हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांची अडचण ओळखून रचलेला कोश तेथेच १९४२ मध्ये छापला गेला व १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही मिळतात. त्यातील अर्थापेक्षा उदाहरणवाक्ये अधिक मोलाची, असे आमचे मत आहे.

वाक्प्रचारांची गोष्ट थोडी निराळी. ‘बॉटम लाइन’ म्हणजे नफातोटा पत्रकाची शेवटची ओळ, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो शब्द विसरणार नाही. तूट लाल शाईने लिहीत, म्हणून ‘इन द रेड’. ‘रेड टेप’ तर आपण ‘लालफीत’ करून घरातच घेतली. ‘बॉलपार्क फिगर’ मात्र अमेरिकेच्या बेसबॉलच्या मैदानातून आलेला. ज्याने तो खेळ पाहिला नाही त्याने ‘अंदाजी आकडा’ या अर्थाचे साधे इंग्रजी लिहावे, हे बरे.

खुद्द इंग्रजी बोलणारेही येथे फसतात. एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेस घेणे. अमेरिकेत तो बाजूस ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांत बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, असे चर्चिल यांनी नमूद केले आहे. वास्तविक दोघांनाही तो विषय त्वरित चर्चेस हवा होता! आपल्याकडील ‘रिव्हर्ट’चेही तसेच. आपण तो ‘उत्तर देणे’ या अर्थी लिहितो. लंडनच्या वाचकास मात्र पूर्वस्थितीस परत जाणे असा अर्थ आधी सुचतो. ‘डू द नीडफुल’ चुकीचे नव्हे, ब्रिटनमधून ते बहुतेक मावळले एवढेच.

तेव्हा वही करावयाची तर तीत ‘लॉस’ हा शब्द एकटा लिहू नये. त्याचे क्रियापद शेजारी मांडावे, एक पुरे वाक्य लिहावे, आणि पुढील रकान्यात आपली मराठी जोडी: तोटा सोसणे.