पाण्यात असूनही कोरडे ठणठणीत!

पाचोडच्या पोराला पोहायला कोण शिकवतं? विहीर! मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि काकांनी मागून ढकलायचं. बस्स, झाला कोर्स. आता हाच पोरगा पुण्यात नोकरीला लागतो, ऑफिसच्या ग्रुपबरोबर आइसलँडचं बुकिंग करतो आणि म्हणतो, 'आपल्याला पोहता येतं राव, टेन्शन काय?'

टेन्शन आहे, बॉस.

आइसलँडच्या थिंगवेलिर नॅशनल पार्कमध्ये सिल्फ्रा नावाची भेग आहे, उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या मधली. हिमनदीचं पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षं झिरपत इथे येतं. इतकं नितळ, की शंभर मीटरपर्यंतचं दिसतं! फोटो एकदम झकास येतात. तापमान मात्र बाराही महिने 2 ते 4 अंश, म्हणजे फ्रीजमधल्या बाटलीएवढं.

विहिरीत पहिली उडी मारल्यावर श्वास कसा 'हाऽऽ' करून आत ओढला जातो, आठवतंय? बर्फगार पाण्यात हाच आचका कितीतरी जोरात येतो आणि आपल्या हातात राहत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर खेळ खल्लास. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्रा. गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी हा हिशेब सोपा करून ठेवलाय : 1-10-1. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची 10 मिनिटं हातपाय आपलं ऐकतात तोवर, आणि साधारण 1 तास शुद्ध हरपेपर्यंत. थोडक्यात, माणूस गारठून जाण्याच्या बराच आधी बुडू शकतो. अगदी पट्टीचा पोहणारासुद्धा!

म्हणूनच सिल्फ्रात स्नॉर्केलिंगला सहसा ड्राय सूट चढवतात. वेट सूटमध्ये थोडं पाणी आत शिरतं आणि अंगाच्या उबेने कोमट होतं. ड्राय सूटमध्ये पाणी शिरतच नाही. मानेला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्ट्या, पावलं सूटलाच जोडलेली, आणि पाणी न गळणारी जाडजूड चेन. घातल्यावर आपण अंतराळवीर कमी आणि टेडी बेअर जास्त दिसतो, पण असो.

खरी गंमत पुढे आहे. सूटचं मुख्य काम पाणी बाहेर ठेवणं. निओप्रीनचा असेल तर थोडी ऊबही देतो, पण भिस्त आतल्या कपड्यांवर आणि त्यांत अडकलेल्या हवेवर. त्यामुळे खाली थर्मल, वर फ्लीस, पायात लोकरीचे मोजे. जीन्स आणि कॉटनचा टी-शर्ट हॉटेलवरच ठेवा. कॉटन घाम धरून ठेवतं आणि मग तेच गार पडतं. अंगठ्या, कडं, घड्याळ काढा, रबर फाटलं की संपलं. मानेची पट्टी गळा आवळल्यासारखी वाटते, तरी 'जरा सैल करा ना' म्हणू नका. तिथूनच पाणी आत येतं. आत हवा जास्त राहिली, तर ती पायांकडे सरकून आपल्याला उलटं करू शकते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी उकिडवं बसवून जादा हवा काढतात. आणि हो, हातमोजे आणि टोपी बहुधा वेट सूटच्याच कापडाची असते. बोटं बधिर होणार, हे गृहीत धरा.

'मग आपला पुण्याचा रोहन मोरे कसा पोहला?' असं कुणीतरी विचारणारच. बरोबर! 2018 मध्ये त्याने जगातल्या सात खाडी-सामुद्रधुन्यांचं 'ओशन्स सेव्हन' आव्हान पूर्ण केलं, आशियात पहिला. त्यातल्या इंग्लिश खाडीत तर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि गॉगल एवढंच चालतं. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. आपल्यामागे सोमवार ते शुक्रवारची खुर्ची.

ज्यांच्यासाठी हा सुटीतला टाइमपास नाही, ते मर्चंट नेव्हीतले लोक. कोकणातली कितीतरी मुलं तिकडे आहेत. त्यांच्या जहाजावरचा इमर्शन सूट ड्राय सूटचाच चुलतभाऊ. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो कुणाच्याही मदतीशिवाय 2 मिनिटांत अंगात चढला पाहिजे. त्यातल्या उबदार प्रकारात, 0 ते 2 अंशांच्या शांत पाण्यात 6 तास काढूनही शरीराचं तापमान 2 अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये.

आइसलँडचं बजेट नाही? लडाखमध्ये झंस्कारचं राफ्टिंग आहे. पाणी तेही हिमनद्यांचंच. पैसे भरण्याआधी ऑपरेटरला सरळ विचारा : सूट कोणता, मापाचा मिळेल का, आणि लाइफ जॅकेट? उत्तर गुळमुळीत आलं, तर काठावर बसून मॅगी खा.

मिशीवाल्यांसाठी एक खास सूचना. सूट कितीही भारी असला तरी मास्क मिशीवर नीट बसत नाही आणि थेंब-थेंब पाणी नाकाशी येत राहतं. गाइड हसत हसत रेझरकडे बोट दाखवतो. आता मिशी ठेवायची की सिल्फ्रा बघायचं, हे पाचोडकरांनी घरी विचारून ठरवावं!