काउंटरमागचे पाचशे तास

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने आणि आस्थापनांमधले रोजचे कामाचे तास नवावरून दहा करायला मंजुरी दिली. त्याच बैठकीत आणखी एक बदल मान्य झाला. आधी दुकाने-आस्थापना कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होता, ती मर्यादा वीसवर नेण्याचे ठरले. चर्चा झाली ती मॉलची, कारखान्यांची, ओव्हरटाइमची. औषधांच्या साखळी दुकानांत काउंटरमागे दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींचा विचार त्या चर्चेत फारसा कुणी केला नाही. अशा दुकानाच्या एका शाखेत वीस माणसे क्वचितच असतात, आणि त्यातला सगळ्यात नवा, सगळ्यात लहान माणूस बहुधा डी. फार्मचा, म्हणजे फार्मसी पदविकेचा, प्रशिक्षणार्थी असतो. त्याचे नाव हजेरीपटावर असते, पगारपत्रकावर नसते.

या मुलांचे तास ठरवणारा नियम जुना आहे. त्यामागचा फार्मसी कायदा १९४८ चा. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे, हे सांगणारे त्यातले ४२ वे कलम अमलात यायला १ सप्टेंबर १९८४ उजाडावे लागले. मधली दशके कंपाउंडरची, मिक्श्चरच्या बाटल्यांची. त्यांच्याविषयी इथे फार सांगण्यासारखे नाही. १९९१ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचे शिक्षण नियम आले आणि बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, त्यापुढे प्रत्यक्ष प्रशिक्षण, ही आजची चौकट पक्की झाली. प्रशिक्षण ५०० तासांचे, किमान तीन महिन्यांत विभागलेले, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे. चिठ्ठी वाचणे, मात्रा तपासणे, औषधांची साठवण, कायद्याची ओळख असे सगळे त्यात येते. एका फार्मासिस्टच्या हाताखाली दोनपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, हेही नियमात लिहिलेले आहे. नियम करणाऱ्यांनी शिकवण्याचा विचार मन लावून केला होता. विद्यार्थ्याने या तीन महिन्यांत राहायचे कुठे, खायचे काय, याचा मात्र केला नाही. भत्त्याचा आकडा त्यात नाही.

सुरुवातीला हे फारसे बोचले नाही, कारण मुले गावातल्याच ओळखीच्या मेडिकलमध्ये शिकत. मालक स्वतः फार्मासिस्ट असे. तो डॉक्टरांचे अक्षर लावायला शिकवी, एकसारख्या नावांची औषधे शेजारी ठेवू देत नसे, लहान मुलाच्या डोसाला वजन विचारायला लावी. पैसे तोही देत नसे, आणि चहा आणायलाही पाठवी. पण शिकवणारा माणूस समोर होता आणि संध्याकाळी मूल घरी जेवत होते.

खरी उलथापालथ २०१२ नंतरच्या दहा वर्षांत झाली.

त्या वर्षी महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. दुकानात फार्मासिस्ट हजर आहे का, चिठ्ठीशिवाय औषध जाते का, बिल दिले जाते का, ही तपासणी त्यांच्या काळात राज्यभर कडक झाली. परवाने निलंबित झाले, दुकानदार रस्त्यावर उतरले, संपाचे इशारे आणि संप झाले. फार्मासिस्टचे सर्टिफिकेट भाड्याने घेऊन भिंतीवर टांगायचे आणि दुकान दुसऱ्यानेच चालवायचे, हा उघड चाललेला प्रकार प्रथमच अडचणीत आला. फार्मसी शिकणाऱ्या मुलांना तेव्हा वाटले, आता आपली किंमत वाढणार. कागदाऐवजी माणूस लागणार असेल तर माणसाला पैसेही मोजावे लागतील, हा त्यांचा तर्क बरोबर होता. झाले ते वेगळेच. दुकानाने एक फार्मासिस्ट पगारावर ठेवला आणि बाकीचे हात प्रशिक्षणार्थींमधून भरले. प्रशासनाचा हेतू चांगला होता, पण तपासणीत विचारला जाणारा प्रश्न ‘फार्मासिस्ट कुठे आहे?’ एवढाच राहिला. ‘ही बाकीची मुले कोण, त्यांना काय मिळते?’ हे विचारणे निरीक्षकाच्या कामात बसत नव्हते, आणि कामगार खात्याचे निरीक्षक मेडिकलच्या पायऱ्या फारशा चढत नव्हते.

याच दशकात साखळी दुकाने शहरांच्या नाक्यानाक्यांवर आली. अपोलोची औषध दुकाने १९८७ पासूनची, मेडप्लस २००६ मध्ये हैदराबादेत सुरू झालेली, वेलनेस फॉरएव्हर २००८ मधली, मुंबईची. काचेची दारे, एसी, रात्री उशिरापर्यंत उघडे, आणि प्रत्येक बिलावर सवलत. ग्राहकाला ही सवलत आवडली आणि ते स्वाभाविक होते. पण ती कुठून येते? २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने किंमत बांधलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला. इतर औषधांवर व्यापारात साधारण २० टक्क्यांची प्रथा. यात ग्राहकाला दहा, पंधरा, कधी वीस टक्के सोडायचे, भाडे, वीज आणि एसी भागवायचे, तर उरते काय? मोठी साखळी घाऊक खरेदीत स्वस्त घेते, स्वतःच्या नावाची उत्पादने विकते, साबण-शाम्पू-प्रोटीन पावडरवर कमावते. आणि माणसांवरचा खर्च दाबते. त्या खर्चाची सगळ्यात खालची पायरी म्हणजे ज्याला काहीच द्यावे लागत नाही असा विद्यार्थी.

मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून पुण्या-ठाण्याला आलेल्या मुलांचा त्या काळातला दिवस कसा जाई, हे फार्मसीच्या कोणत्याही माजी विद्यार्थ्याला विचारावे. सकाळी शटर उघडण्याआधी हजर. माल आला की खोकी फोडून बॅच नंबर आणि एक्स्पायरी जुळवायची, रॅक लावायचे, संपत आलेल्या मालाची यादी करायची. मग काउंटर. ग्राहक बसू शकत नाही म्हणून कर्मचाऱ्यालाही खुर्ची नाही. दुपारचा डबा गर्दी ओसरेल तेव्हा, औषधांच्या खोक्यांच्या आडोशाला. कित्येक शाखांत स्वच्छतागृह नसे. मुलींनी शेजारच्या हॉटेलात किंवा बँकेत विचारून जायचे, आणि म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचे. औषधे विकणाऱ्या दुकानात हे होत होते. घरपोच सेवेचा मुलगा आला नाही तर प्रशिक्षणार्थीच स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या पेट्रोलवर औषधे पोचवी. महिनाअखेरच्या स्टॉक मोजणीला रात्री अकरा वाजत. बिलात तूट निघाली तर ती कामावरच्या सगळ्यांत वाटली जाई, आणि ज्याला पगार नव्हता त्याच्याकडूनही रोख मागितली जाई.

बदल्यात बहुतेकांना काहीच मिळत नसे. काहींना बस-लोकलच्या पासापुरते पैसे. खोलीचे भाडे आणि मेस घरून येई, म्हणजे कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पट्टीतून.

तासांचा हिशेब मांडला की अन्याय डोळ्यांसमोर येतो. ५०० तास तीन महिन्यांत, आठवड्याची सुटी सोडली तर रोजचे साधारण साडेसहा तास. दुकानात मुले दहा तास उभी राहत. तीन महिन्यांचे सहज साडेसातशेच्या वर तास होत. फॉर्मवर मात्र ५०० लिहिले जात, कारण नियम तेवढेच मागतो. वरचे अडीचशेहून अधिक तास कोणत्याच कागदावर आले नाहीत. आणि त्या ५०० तासांतले २५० तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे, ते कुणाच्या देखरेखीखाली गेले? फार्मासिस्ट बिलिंगवर अडकलेला, शाखाप्रमुख टार्गेटच्या फोनवर. मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवले गेले ते बिलाच्या वेळी मोबाइल नंबर कसा मागायचा आणि व्हिटॅमिनची बाटली कशी सुचवायची हे.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ लागू झाले. ४६ औषधे, त्यांत बरीचशी प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे. त्यांच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद, डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या, आणि ती वही तीन वर्षे जपायची. प्रतिजैविकांचा बेबंद वापर रोखण्यासाठी केलेला हा नियम चांगलाच होता. पण गर्दीच्या वेळी ही वही कोण भरणार? अनेक शाखांत ती प्रशिक्षणार्थीच्या अक्षरात भरली गेली, दिवस संपल्यावर, बिले समोर ठेवून. देशाच्या प्रतिजैविक धोरणाची एक महत्त्वाची नोंद बिनपगारी हातांनी, थकल्या डोळ्यांनी लिहिली जात होती.

औषध विक्रेत्यांची संघटना या काळात झोपलेली नव्हती. १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७, २८ सप्टेंबर २०१८ असे तीन देशव्यापी बंद तिने पुकारले. मुद्दा ऑनलाइन औषधविक्रीचा, आणि त्यांची भीती अनाठायी नव्हती. रुग्णाची सुरक्षितता आणि फार्मासिस्टचे महत्त्व यांवर त्या दिवसांत भाषणे झाली. उद्याच्या फार्मासिस्टला आज दुकानात काय मिळते, हा प्रश्न मात्र संघटनेने कधी ऐरणीवर घेतला नाही. साखळ्या आणि संघटना एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या, पण या एका बाबतीत दोघींचे वागणे सारखे होते. महाविद्यालयांची जबाबदारी याहून मोठी. विद्यार्थी कुठे शिकतो आहे हे पाहायला प्राध्यापकाने दुकानात जायला हवे होते. बहुतेक जण गेले नाहीत. सही-शिक्क्याचे पत्र आले की फाइल बंद. काही मुलांनी तर दुकानात पाऊलही न टाकता ते पत्र मिळवले, आणि जी प्रामाणिकपणे उभी राहिली ती मूर्ख ठरली.

मग करोना आला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मेडिकल उघडी राहिली. लोकल बंद, मेस बंद, घरमालक धास्तावलेले. तरी मुले काउंटरवर होती. केंद्राची ५० लाखांची विमा योजना सार्वजनिक आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होती, खासगी मेडिकलमधला माणूस तिच्यात बसत नव्हता, प्रशिक्षणार्थी तर नाहीच. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरसाठी रांगा लागल्या तेव्हा नातेवाइकांचा संताप झेलायला काचेच्या अलीकडे तीच विशी-बाविशीची पोरे उभी होती. त्याच वर्षी डिसेंबरात मेडप्लसचे समभाग बाजारात आले. टाटांनी वन एमजी आणि त्याआधी २०२० मध्ये रिलायन्सने नेटमेड्स या ऑनलाइन औषध कंपन्या घेतल्या होत्या. औषधाच्या किरकोळ विक्रीत पैसा नाही, असे यापुढे कुणी म्हणू नये.

दशकाचा शेवट निकालाने झाला. महाविद्यालये बेसुमार वाढल्याचे पाहून कौन्सिलने २०१९ मध्ये नव्या संस्थांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. अनेक संस्था न्यायालयात गेल्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. संस्था काढण्याचा हक्क नुसत्या ठरावाने रोखता येत नाही, त्याला कायदा लागतो, हे न्यायालयाचे म्हणणे कायद्याने रास्तच होते. परिणाम मात्र बाजारात दिसला. मुले वाढली, आणि तीन महिने फुकट काम करायला तयार असलेल्यांची रांगही वाढली. रांग लांब असली की भत्ता मागणाऱ्याला ‘मग दुसरीकडे बघ’ हेच उत्तर मिळते.

हे बदलता येत नाही असे नाही. राज्यातल्या एमबीबीएस इंटर्नना २०१८ पर्यंत महिना ६,००० रुपये मिळत. त्यांनी संप केला, रक्कम ११,००० झाली, २०२४ मध्ये १८,०००. शिकाऊ उमेदवार नियमांच्या २०१९ च्या दुरुस्तीत पदविकाधारकाला किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरले. राज्याच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही पदविकेला ८,००० च आहेत, पण शिक्षण सुरू असलेल्यांना ती योजना खुली नाही. म्हणजे तोच मुलगा प्रशिक्षण संपल्यावर त्याच काउंटरवर उभा राहिला तर त्याच्या कामाला किंमत आहे, आधी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये डी. फार्मची पहिली एक्झिट परीक्षा झाली, तीन पेपरांची. विद्यार्थ्याची परीक्षा वाढली. त्याला शिकवणाऱ्या दुकानाची परीक्षा अजून कुणी घेतलेली नाही.

तीन महिन्यांचे ८,००० प्रमाणे २४,००० रुपये होतात. एखाद्या साखळीला एका विद्यार्थ्यामागे एवढे देणे जड नाही. कौन्सिलने प्रशिक्षणाच्या फॉर्मवर भत्त्याचा आणि रोजच्या तासांचा रकाना घालावा, भत्ता न देणाऱ्या दुकानाचे पत्र स्वीकारू नये. महाविद्यालयांनी महिन्यातून एकदा तरी शिक्षक दुकानात पाठवावा. आणि ज्यांच्या घरातले मूल यंदा प्रशिक्षणाला निघाले आहे, त्या पालकांनी फॉर्मवर सही करण्याआधी तास, सुटी आणि भत्ता तिन्ही गोष्टी दुकानाकडून लेखी मागाव्यात.