पाळीव उंदीर

उंदीर पाळावयाचा आहे असें एखाद्या घरांत कोणीं म्हटलें, तर वडील मंडळी प्रथम बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतील. त्यांना दोष देतां येत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां घरांत मेलेला उंदीर दिसला कीं बिऱ्हाड हलवावयाचें, ही आठवण कित्येक कुटुंबांतून पुढें चालत आली. गणेशचतुर्थीस आपण मूषकाची मूर्ति भक्तिभावानें मांडतों खरी. पण तो उंदीर मातीचा असतो, आणि तेवढ्यावरच आपलें सख्य संपतें.

मी ज्या प्राण्याविषयीं बोलणार आहें, त्याचें कुळ गटारांतल्या तपकिरी उंदराचेंच. परंतु पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हातांत वाढल्यामुळें त्याचा स्वभाव पालटला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळीं लंडनमध्यें जॅक ब्लॅक नांवाचा एक उंदीर पकडणारा होता. आपण खुद्द राणीसाहेबांच्या चाकरीचे, असें तो म्हणवून घेई. निराळ्या रंगाचा उंदीर सांपडला कीं तो त्यास मारीत नसे. अशांची पैदास करून तो ते घरंदाज तरुणींना विकी, आणि त्या ते खारीच्या पिंजऱ्यांत ठेवीत. हेन्री मेह्यू या लेखकानें १८५१ च्या सुमारास त्याची हकीकत टिपून ठेवली आहे. पुढें १९०१ सालीं एल्सबरी येथील प्रदर्शनांत अशा उंदरांना प्रथम जागा मिळाली, ती मेरी डग्लस या बाईंच्या खटपटीनें.

आतां मुख्य गोष्ट. उंदीर एकटा पाळूं नये. हा प्राणी गोतावळ्यांत राहणारा आहे. एकमेकांच्या अंगावर निजणें, एकमेकांचे केंस साफ करणें, यांत त्याचा दिवस जातो. २०११ सालीं शिकागोच्या शास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. नळींत कोंडलेल्या सोबत्यास दुसरा उंदीर दार उघडून सोडवी. शेजारच्या दुसऱ्या नळींत चॉकलेट ठेवलें, तरी तो दोन्ही दारें उघडी आणि पुष्कळदां खाऊ वांटून घेई. अशा जीवास एकटें कोंडून वर आपण त्याच्यावर प्रेम करतों म्हणावें, हें मला पटत नाहीं. म्हणून दोन आणावे, आणि दोघेही नर किंवा दोन्ही माद्या असाव्या. यांत हयगय झाली तर पांच-सहा आठवड्यांच्या वयांतच ते प्रजोत्पादनास समर्थ होतात, आणि तीन आठवड्यांत दहा-बारा पिलें पुढ्यांत येतात.

उंदराचें दुखणें बहुधा छातींत असतें. पाळीव उंदरांपैकीं बहुतेकांच्या श्वासमार्गांत मायकोप्लाझ्मा नांवाचे जंतु जन्मापासूनच असतात. हवा स्वच्छ असली तर ते पुष्कळ काळ दबून राहतात; मूत्राच्या उग्र वाफा कोंडल्या कीं उठतात. यासाठीं कांचेची पेटी नको, तारेचा हवेशीर पिंजरा हवा. मात्र तळ तारेचा नसावा, नाहींतर पाय सोलवटतात. खालीं कागदाचे कपटे किंवा जुन्या सुती कापडाचे तुकडे पसरावे व ते वरचेवर बदलावे. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो. पण तो देवदाराचा किंवा चिडाचा असेल, तर त्याच्या वासानेंच छाती बिघडते. पिंजऱ्यापाशीं उदबत्तीही लावूं नये. उंदीर आजार लपवितो. डोळ्यांशीं वा नाकाशीं तांबडे डाग दिसले तर तें बहुधा रक्त नसतें, एका ग्रंथीचा स्राव असतो. पण तो वाढला म्हणजे कांहींतरी बिनसलें आहे असें समजावें. श्वासाबरोबर खरखर ऐकूं आली तर उद्यांवर न टाकतां पशुवैद्याकडे जावें.

आपल्याकडील उन्हाळा त्याला सोसत नाहीं. त्याला घाम येत नाहीं. अंगांतली उष्णता तो शेंपटीवाटे टाकतो. वैशाखांत थंड पाण्याची बाटली ओल्या फडक्यांत गुंडाळून पिंजऱ्यांत ठेवावी. खाण्यास ज्वारी, बाजरी, मोड आलेले मूग, पालेभाजी, क्वचित् उकडलेलें अंडें. तळलेलें व गोड देऊं नये. उंदरास ओकतां येत नाहीं, म्हणूनच त्याच्यावर विष इतकें चालतें. ज्या घरांत उंदीर मारण्याच्या गोळ्या टाकलेल्या असतील, तेथें पाळलेला उंदीर मोकळा सोडूं नये. रानटी उंदरांचा त्याच्याशीं संबंध येऊं देऊं नये, आणि त्याला हाताळल्यावर मुलांनीं हात साबणानें धुवावे.

एक गोष्ट मुलांना आधींच सांगावी. हा सोबती दोन, फार तर तीन वर्षें जगतो. माद्यांना स्तनाच्या गांठी पुष्कळदां होतात. लहान असतांनाच दाखविल्या तर कित्येकदां काढतां येतात. दोघांतला एक गेला म्हणजे मागें राहिलेला खाणें सोडून कोपऱ्यांत बसतो. अशा वेळीं नवीं पिलें आणावीं, दोनेक आठवडे निराळ्या खोलींत ठेवून तीं निरोगी आहेत याची खात्री करावी, आणि मग रोज थोडा वेळ, दोघांनाही परक्या अशा जागेंत, आपल्या देखत त्यांची गांठ घालावी.