घटमाला-जोडणी, रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतींमधील

रेडिओ-नियंत्रित विमाने, नौका, मोटारी इत्यादींच्या प्रतिकृतींमधील विद्युत् चलित्राला अधिक विद्युत् दाब अथवा अधिक काळ ऊर्जा मिळावी म्हणून दोन वा अधिक घटमाला (बॅटऱ्या) एकत्र जोडतात. घटमाला एकसारख्या नसल्यास अशा जोडणीमुळे त्या निकामी होण्याचा, प्रतिकृती कोसळण्याचा व प्रसंगी आग लागण्याचा धोका असतो.

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे दाखविलेल्या पहिल्या रेडिओ-नियंत्रित नौकेतही घटमालाच वापरली होती. पुढे निकेल-कॅडमियम व निकेल-धातू हायड्राइड घट (प्रत्येकी १·२ व्होल्ट) प्रचारात आले. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आले. आता प्रामुख्याने वापरण्यात येणाऱ्या लिथियम-बहुवारिक घटाचा नाममात्र दाब ३·७ व्होल्ट असून तो पूर्ण भारित असताना ४·२ व्होल्ट असतो. तो सु. ३ व्होल्टच्या खाली जाऊ देत नाहीत.

एकसरी जोडणी : हिच्यात दाबांची बेरीज होते, परंतु प्रवाह सर्व घटांतून सारखाच वाहतो. त्यामुळे सर्वांत कमी क्षमतेची माला प्रथम रिकामी होते. उदा., १·३ व २·२ अँपिअर-तास क्षमतेच्या प्रत्येकी तीन घटांच्या माला एकसरीत जोडून १३ अँपिअर प्रवाह घेतल्यास पहिली माला ६ मिनिटांत संपते. दुसरीत मात्र ०·९ अँपिअर-तास भार उरतो व ती पहिलीतून प्रवाह ढकलीत राहते. रिकाम्या घटांची ध्रुवता त्यामुळे उलटू शकते. लिथियम घटात ऋण अग्राच्या पत्र्याचे तांबे विरघळून पुढे अंतर्गत मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) होण्याचा संभव असतो. वेगनियंत्रक केवळ एकूण दाब मोजत असल्यास हा बिघाड त्याला कळत नाही : १८ व्होल्ट ही मर्यादा ठरविली असता एका मालेचे घट ३·५ व दुसरीचे २·५ व्होल्टवर असले, तरी बेरीज १८ च भरते. म्हणून एकसरीत समान प्रकारच्या, क्षमतेच्या, वयाच्या व पूर्ण भारित मालाच जोडणे इष्ट असते.

अनेकसरी (समांतर) जोडणी : हिच्यात क्षमतांची बेरीज होते, वरील दोन माला मिळून ३·५ अँपिअर-तास क्षमता मिळते. प्रवाह अंतर्गत रोधाच्या व्यस्त प्रमाणात विभागला जात असल्याने क्षमता भिन्न असली तरी चालते. मात्र रासायनिक प्रकार, घटांची संख्या व जोडतेवेळचा दाब समान असावा लागतो. १२·६ व ११·१ व्होल्टच्या माला जोडल्यास आणि तारांसह एकूण रोध ०·०३ ओहम असल्यास, सुरुवातीचा प्रवाह १·५ ÷ ०·०३ = ५० अँपिअर होईल. अशा लहान मालांचा नेहमीचा भरण-प्रवाह १ ते २ अँपिअर असतो, हे लक्षात घेता त्यातील धोका स्पष्ट होतो. तीन घटांच्या मालेस दोन घटांची माला समांतर जोडल्यास दुसरी अतिभारित होऊन पेट घेऊ शकते. निकेल व लिथियम माला समांतर जोडणेही वर्ज्य आहे.

ग्राहक यंत्रणेसाठी दोन असमान माला ठेवावयाच्या असल्यास प्रत्येकीस स्वतंत्र द्विप्रस्थ (डायोड) जोडतात. त्यामुळे एकीतून दुसरीत प्रवाह जात नाही व एक बंद पडली तरी नियंत्रण टिकते. चलित्राच्या मोठ्या प्रवाहास मात्र साधा द्विप्रस्थ सोयीचा नसतो. ०·४ व्होल्ट दाबपात धरल्यास ३० अँपिअरला त्यात १२ वॉट उष्णता निर्माण होते.

दक्षता : जोडण्यापूर्वी प्रत्येक घटाचा दाब व्होल्टमापकाने पाहतात. समांतर भरणात प्रथम जाड मुख्य तारा जोडून दाब समान होऊ देतात व नंतरच समतोलनाच्या बारीक तारा जोडतात. असमान माला एकसरीत वापरल्या गेल्या असल्यास त्या वेगवेगळ्या भारित करणे आवश्यक असते. फुगलेली वा आघात झालेली माला कोणत्याही जोडणीत वापरीत नाहीत.